नाटकासाठी बँकेची कायम नोकरी सोडावी का?

आपण विचारले आहे की वय एकतीस, सोलापुरातच बँकेत कायम नोकरी, पत्नी गृहिणी, लहान मुलगी आणि घराच्या कर्जाचे हप्ते चालू असताना केवळ नाटकातच जीव रमतो म्हणून नोकरी सोडावी का. माझ्या मते सोडू नये. आपल्या प्रश्नाला याआधी उत्तरे देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्य एकदाच मिळते असे लिहिले आहे. ते आपल्या पत्नीलाही एकदाच मिळाले आहे, याची आठवण कोणाला झालेली दिसत नाही.

माझे वडील सोलापुरातल्याच एका कापडगिरणीच्या विणाई खात्यात कायम कामगार होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कामाच्या पाळ्यांमुळे तालमी बुडतात या कारणास्तव, त्यांनी ती नोकरी सोडली. ते नट म्हणून खरोखरच चांगले होते. हे मी मुलगी म्हणून नव्हे, तर त्यानंतर पुष्कळ नाटके पाहिलेली प्रेक्षक म्हणून लिहिते. आवाज खणखणीत, पाठांतर चोख आणि रंगमंचावर आले की दुसऱ्या कोणाकडे लक्ष जात नसे. मात्र गणेशोत्सवातील प्रयोग, कलापथकाचे दौरे आणि स्पर्धेतील नाटके यांतून घरात पैसा येण्याऐवजी बहुतेकदा घरातलाच पैसा कपडेपटाच्या भाड्यात जात असे.

घर चालले ते आईच्या विड्यांवर. पूर्व भागातील आमच्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यात एक तरी बाई सूप मांडीवर घेऊन बसलेली असे. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून मिळत असे. रात्री पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मग चिमूटभर तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली; पाने खराब निघाली तर कमी पडलेली पाने पदरमोड करून बाजारातून आणावी लागत, आणि माल देताना ज्या विड्या नापास होत त्यांचे पैसे मिळत नसत. वडील समोर फेऱ्या मारत संवाद पाठ करत आणि ते कुठे अडखळले तर आई हातातली विडी न थांबवता पुढचा शब्द सांगत असे. तिला सबंध नाटके मुखोद्गत होती, पण संध्याकाळी प्रयोगाला येऊन बसणे तिला परवडत नसे, कारण दुसऱ्या दिवशीचा आकडा पूर्ण व्हायचा असे. वडिलांच्या कलेचे कौतुक करणाऱ्या मंडळींपैकी एकानेही त्या आकड्याची चौकशी केल्याचे मला आठवत नाही.

माझे धाकटे काका आजही प्रत्येक लग्नकार्यात एकच मुद्दा मांडतात: गिरणी तरी कुठे राहिली, दादाने वेळीच ओळखले. हा युक्तिवाद मला मान्य नाही. १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाल्यापासून ज्या भोंग्यांवर हे शहर उठत आणि झोपत होते, त्या गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या, हे खरे आहे. परंतु वडिलांनी नोकरी सोडली तेव्हा गिरणी बंद पडेल असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्यामुळे याला दूरदृष्टी म्हणता येत नाही. शिवाय जे शेवटपर्यंत टिकले, त्यांना कायद्याने मागता येईल असे काहीतरी होते. देणी हाती पडायला वर्षे लागली, अनेकांचे हाल झाले. तरी मागायला कागद होता. वडिलांनी उतारवयात ज्येष्ठ कलावंतांच्या शासकीय मानधनासाठी अर्ज करायचे ठरवले, तेव्हा कारकिर्दीचा पुरावा म्हणून दाखवायला दोन फिकट कात्रणांपलीकडे काही निघाले नाही. विडी कामगारांना मात्र भविष्य निर्वाह निधी लागू होता आणि १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन महिना १००० रुपये झाले, ते आईला मिळाले. रक्कम लाजिरवाणी आहे, यात शंका नाही. पण आमच्या घरात म्हातारपणी काही आले ते विडीतून आले.

काकांच्या भाषेत मी 'नुसती कारकून' आहे. माझी शासकीय नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असल्यामुळे मला जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन मिळणार आहे आणि याच नोकरीच्या जोरावर मी दरवर्षी एका संस्थेसाठी राज्य नाट्य स्पर्धेतील नाटक बसवते. नेपथ्याचा खर्च पगारातून करते, रजा शिल्लक ठेवते, तालमी रात्री घेते. त्यासाठी घरात कोणाला विड्या वळाव्या लागत नाहीत. याला कोणी हौस म्हणत असेल तर खुशाल म्हणावे.

आता आपल्याविषयी. सोलापुरात राहून केवळ नाटकावर पोट भरत नाही. व्यावसायिक नाटकांच्या तालमी आणि दौरे प्रामुख्याने मुंबई-पुण्यातून चालतात, नटाला पैसे मिळतात ते नाइटवर, म्हणजे प्रत्येक प्रयोगामागे, आणि प्रयोग रद्द झाला की त्या दिवसाचे उत्पन्न शून्य. म्हणजे आपण फक्त नोकरी सोडणार नसून गावही सोडणार आहात किंवा कुटुंबाला येथे ठेवून जाणार आहात. प्रश्नात याचा उल्लेखच नाही. राजीनाम्याबरोबर बँकेमार्फत मिळणारे आरोग्यविम्याचे संरक्षण सहसा संपते, सवलतीच्या व्याजाचे कर्मचारी कर्ज असेल तर त्याच्या अटी बदलू शकतात आणि सेवेची सलग ५ वर्षे झाली नसतील तर साधारणपणे उपदानही (ग्रॅच्युइटी) मिळत नाही. हे सर्व कागदावर मांडावे आणि तो कागद आधी पत्नीला दाखवावा.

एक मात्र स्पष्ट करते. आपण बावीस वर्षांचे असता, अंगावर कोणाची जबाबदारी नसती किंवा नोकरीमुळे प्रकृती ढासळत असती, तर मी असे लिहिले नसते. काही कला अशा आहेत की तेथे रात्रीचे दोन तास पुरत नाहीत, हेही मला मान्य आहे. पत्नी स्वतः कमावू इच्छित असतील आणि त्यांनी आपण होऊन काही वर्षे घर चालवण्याची तयारी दाखवली, तर तो वेगळा व्यवहार आहे. माझ्या आईला कोणी विचारले नव्हते. पत्नीची तशी तयारी होईपर्यंत राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजेचा अर्ज करता येतो का ते पाहावे. ती मंजूर झाली तर त्या काळात केवळ नाटकातून किती रुपये घरी येतात, याची वही ठेवावी आणि हिशेब पत्नीला लिहू द्यावा.