पदर फ्रेम करायचाय? मग फ्रेमवाल्याकडे माप न्या, पदर नेऊ नका

ताई, तुमचं वाचलं. आजेसासूबाईंची पेटी उघडली, त्यात दोन महेश्वरी लुगडी, थोडी सुती पातळं, सुटे काठ आणि कतरनचं एक गाठोडं निघालं, शिवाय वाडा पाडताना राखून ठेवलेली एक जुनी सागवानी खिडकी, आणि हे सगळं वापरून दिवाळीच्या आत नवा फ्लॅट सजवायचाय. आणि प्रश्न असा की पदर फ्रेम करायला कुठला गोंद चांगला, आणि कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याला दिला तर चालेल का. बाकी प्रश्नांवर नंतर येते. या दोन्हीचं उत्तर आधी देते: कुठलाच गोंद नको, आणि फ्रेमवाल्याच्या हातात कापड द्यायचंच नाही.

मी काही कापडाची तज्ज्ञ नाही, इथे इंदूरच्या रामबागेत घरच्या घरी शिवणटिपण करणारी बाई आहे, त्यामुळे कुणाचा अनुभव वेगळा असेल तर असो. पण या एका गोष्टीवर मी हटणार नाही.

आमच्याकडेही आजेसासूबाईंचं महेश्वरी नऊवारी होतं. अंगभर विरलेलं, घड्यांवर फाटलेलं, पण पदर शाबूत. महेश्वरीच्या पदराला पाच पट्टे असतात ना, तीन रंगीत आणि मधे दोन पांढरे, ते पाचही नीट होते. म्हणून पदर फ्रेम करायचं ठरलं. दुकान शहरातलं नावाजलेलं, नाव लिहीत नाही. मी त्याला समोर बसून सांगितलं होतं की हे चिकटवायचं नाही, टाके घालून धरा, आणि काच कापडाला टेकू देऊ नका. तो म्हणाला, "हो जाएगा मैडम, टेंशन मत लो." मग आज या उद्या या करत शेवटी फ्रेम मिळाली, मागून ब्राऊन पेपर लावून पूर्ण बंद केलेली, समोरून एकदम सुरेख, घरात सगळे खूश.

पावसाळा आला आणि आधी कडेला पिवळट डाग दिसायला लागले, मग मधे, मग काचेच्या आतून पांढरी बुरशी. मागचा कागद फाडून बघितलं तर पूर्ण पदर तपकिरी हार्डबोर्डवर पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला, आणि वर काच थेट दाबून बसवलेली. म्हणजे दोन गोष्टी सांगितल्या होत्या त्या दोन्ही केल्या नव्हत्या. दुकानात घेऊन गेले तर म्हणे, "कपड़े में ही नमी थी." वरून मलाच ऐकवलं की चिपकाना तो पड़ता ही है, नहीं तो झोल आता है. पैसे परत नाहीत ते नाहीत, निदान काढून तरी द्या म्हटलं तर त्याने एका कोपऱ्यातून ओढून दाखवलं आणि तिथेच रेशमाचे धागे तटतट तुटले. मला अजून त्या माणसाचा राग आहे. पैशाचा नाही हो, पैसे गेले तर गेले. समोरच्या बाईने स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असताना "इनको क्या समझता है" म्हणून आपल्या सोयीने करायचं, आणि जे गेलं ते पुन्हा विणून मिळणारं नाही याचं काही वाटायचं नाही, याचा राग आहे.

गोंदाने नक्की काय होतं ते समजून घ्या म्हणजे कुणी कितीही सांगितलं तरी तुम्ही ठाम राहाल. पांढरा गोंद ओला असताना धाग्याच्या आत शिरतो आणि आतच कडक होतो. नंतर पाणी लावलं तर तो फुगतो, मऊ होतो, पण धागा सोडत नाही, आणि जुनं रेशीम ओलं झालं की आणखीनच कमजोर, त्यामुळे ओढलं की कापडच येतं हातात. दुसरं म्हणजे कापड हवेतल्या ओलीने थोडं थोडं हलत असतं, पावसाळ्यात ताणतं, उन्हाळ्यात आक्रसतं. बऱ्याच महेश्वरीत ताणा (उभा धागा) रेशमी आणि बाणा (आडवा) सुती, म्हणजे दोन्ही धागे वेगवेगळे हलणार, आणि मागचा बोर्ड तिसऱ्याच हिशेबाने. सगळीकडून पक्कं चिकटवलं की त्या कापडाला हलायला जागाच नाही, मग ते जिथे विरलंय तिथे फाटतं. टाक्यांवर टांगलेलं कापड मात्र आपलं आपण सैल-घट्ट होत राहतं. तिसरं, हार्डबोर्ड आणि साधा पुठ्ठा यांच्यातून हळूहळू आम्ल सुटतं, त्याने कापड तपकिरी पडतं. लग्नपत्रिकांचे जाड कागद मागे घालतात काही जणी, तेही नको, पत्रिकांचं दुसरं काहीही करा.

ग्लू गनबद्दलही तुम्ही विचारलंय. ती काडी उष्णतेनेच वितळते, म्हणजे उष्णतेनेच सुटणार. आपल्याकडे मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे, तिथे लावलेली फुलं, मणी सगळं एक दिवस खाली पडलेलं दिसतं. शाळेच्या प्रोजेक्टला ठीक आहे. जुन्या कापडावर तर नाहीच, गरम गोंदाने पॉलिस्टरसुद्धा आक्रसतं.

आता करायचं कसं. शिवण तुम्हाला येते असं धरून चालते. फ्रेमवाल्याकडे फक्त माप न्या आणि खोल चौकट करून घ्या, काच वेगळी, काच आणि कापड यांच्यात चारही बाजूंनी पातळ लाकडी पट्टी राहील इतकी खोल. आत बसेल अशी एक साधी लाकडी रिकामी चौकट, पेंटिंगच्या कॅनव्हासला असते तसली. त्यावर घरातली जुनी सुती चादर ताणून बसवा. नवं कापड घेणार असाल तर मांजरपाट घ्या पण आधी गरम पाण्यात उकळून खळ पूर्ण काढा, खळ राहिली तर झुरळं आणि कसर दोन्ही येतात. माझ्याकडे सासऱ्यांच्या वेळची मिलच्या कापडाची चादर होती, इथली हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, त्याच्या कितीतरी आधीची, इतक्या वर्षांच्या धुण्याने इतकी मऊ आणि शांत झालेली की तिच्यासारखा आधार दुसरा नाही. तुमच्याही घरात अशी एखादी असेल, इंदूरच्या जुन्या मराठी घरात असतेच, ती पोछा करून टाकू नका.

त्या चादरीवर पदर पसरायचा, उभे धागे सरळ ठेवून, आणि मधून सुरुवात करून कडेकडे जायचं. सगळ्यात बारीक सुई, एकेरी सुती किंवा रेशमी धागा, टाका दोन धाग्यांच्या मधून घालायचा, धाग्याला भोक पाडून नाही, आणि ओढून घट्ट करायचा नाही. नुसतं धरून ठेवायचंय. विरलेल्या भागावर त्याच रंगाची अगदी पातळ नेट टाकून कडेने टिपा, लांबून दिसतही नाही. टाचण्या लावल्या असतील तर रात्रीत काढून टाका, गंजाचा डाग जात नाही. पदर धुवायचा का, तर माझ्या मते जुना रेशमी असेल तर नाही, सावलीत वाऱ्यावर टाका आणि मऊ ब्रशने हलकं झटका, बस. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीला टेकणार नाही, हवा फिरत राहील. बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, थेट ऊन येतं तिथे लावू नका.

काम वेळखाऊ आहे, दिवाळीच्या आत दोन्ही लुगड्यांचे पदर होणार नाहीत, एकच करा.

कापायच्या आधी एक. नणंदांना, जावांना विचारा. लुगडं पूर्ण उघडून फोटो काढून ठेवा, कुणाचं, कुठल्या कार्यात नेसलेलं, जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवा. आणि काठापदरातली जरी बघून घ्या. खऱ्या जरीत चांदी असते, ती काळी पडते पण खरीच असते, घासल्यावर आतून लालसर तांबं दिसलं तर तांब्याची, आणि चमकतं पण वजनच नाही ते प्लॅस्टिक, त्यावर थेट इस्त्री फिरवली तर गेलं. दारावर "पुरानी जरी" म्हणत येणाऱ्यांना घाईत काही देऊन टाकू नका, ते चांदी वितळवायलाच नेतात, कापडाशी त्यांना घेणं नसतं.

सुट्या काठांचं मात्र आनंदाने तोरण करा, काठ हा लुगड्याचा सगळ्यात दणकट भाग, लुगडं विरतं पण काठ राहतो. महेश्वरीचा काठ बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी सारखा असतो, म्हणून दारात टांगलेलं तोरण आतून बाहेरून सारखंच दिसतं, अस्तर लागत नाही. त्यावरच्या नक्षीला विणकर ईंट, चटाई, हीरा, चमेली का फूल असं म्हणतात, महेश्वरच्या किल्ल्या-घाटावरच्या कोरीवकामातून आलेली नक्षी आहे ती. आंब्याच्या पानांच्या आकारात कापण्याच्या भानगडीत न पडता सरळ पट्ट्याच त्रिकोणात दुमडून ओळीने शिवा, नक्षी कापली जात नाही. रंग जाणारा असेल तर शेजारच्या पट्टीला लागतो, म्हणून ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा आधी चोळून बघा.

महेश्वरीच्या अंगाचे कुशन कव्हर करायचं म्हणताय ते मला फारसं पटत नाही. कापड पातळ, शिवणीवर धागे सरकतात, कुणी टेकून बसलं की गेलं. करायचंच असेल तर पूर्ण मागून सुती अस्तर, आणि ते कुशन नुसतं ठेवायचं, टेकायचं नाही. त्यापेक्षा सुती पातळांची छोटी गोधडी शिवा आणि ती भिंतीवर लावा. वरती एक शिवलेली नळी ठेवून त्यातून काठी घाला, खिळे कापडातून मारू नका. जवळजवळ धावदोरा घालत गेलं की जी लाट उठते ती नव्या कापडात येत नाही, जुन्या मऊ सुतीतच येते. कतरन कमी पडली तर सीतलामाता बाजारच्या बाजूचे ब्लाऊज शिवणारे टेलर पोतंभर देतात, नुसतं मोकळं सांगायचं की फक्त सुती द्या.

उरलेल्या पट्ट्यांची वेणी घालून गोल गोल फिरवत शिवली की पायपुसणं होतं. बाथरूमपाशी सुतीच हवं, पॉलिस्टर पाणी ओढतच नाही, नुसतं पसरवतं. पॉलिस्टरचं दारातल्या धुळीला ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती, कापडावर प्लॅस्टिक, आरसे, थर्माकोल असं सगळं चिकटवून वस्तू करू नका. आपल्या शहरात सकाळी गाडी आली की ओला सुका वेगळा मागतात, आणि असं सगळं एकत्र चिकटलेलं काही आलं की ते कशातच बसत नाही, त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. शिवलेलं असलं तर उसवता येतं, कापड परत वापरात येतं. मला स्वतःला टाकाऊतून केलेली वस्तू पुन्हा टाकाऊच होताना बघवत नाही.

तेलाच्या 15 किलोच्या डब्याच्या कुंड्यांचं थोडक्यात: तळाला भोकं, कडा कानशीने गुळगुळीत, आतून रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) हात, आणि दक्षिणेच्या उन्हात ठेवू नका, पत्रा तापून मुळं भाजतात.

शेवटचं खिडकीचं. आरसा बसवायची कल्पना छान आहे, पण आधी खिडकी पांढऱ्या कागदावर उभी करून थोडे दिवस बाल्कनीत ठेवा. खाली बारीक पिठासारखी पूड पडली तर आत कीड जिवंत आहे, तशीच घरात घेतली तर नवं फर्निचरही जाईल. औषध मारून, वाळवून, पुन्हा कागदावर ठेवून बघा. आणि तिच्यावर जो हिरवा रंग आहे म्हणता तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं किती असेल काही सांगता येत नाही, आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. तुमच्या घरात नात आहे असं तुम्हीच लिहिलंय. कागद ओला करून घासायचं, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लॅस्टिक अंथरून, आणि खरवडलेलं सगळं त्यात गुंडाळून गाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्यायचं. मला विचाराल तर रंग काढूच नका, तो हिरवा तसाच छान दिसतो, सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्याने पुसून वरून पाण्यातल्या क्लिअर वार्निशचे दोन हात द्या.