कपाट भरलंय, तरी घालायला काही नाही. स्टायलिस्टचा सल्ला घेऊ का?

घ्या, पण आधी एक दुपार कपाटाला द्या. सगळे कपडे पलंगावर काढा आणि गेल्या वर्षात न घातलेले बाजूला ठेवा. मग प्रत्येकाला विचारा, का नाही घातला? खरं उत्तर तिथेच मिळतं. बहुतेकदा कपडा वाईट नसतो, त्याचा जोडीदार नसतो. इरकल साडी आहे, पण ब्लाऊज दंडात घट्ट होतो. कुर्ता आवडता आहे, पण त्याखाली घालायला साधी पँट नाही. पारंपरिक इरकलीचा पदर बहुधा लाल असतो, त्यामुळे नीट बसणारा एक लाल किंवा मरून ब्लाऊज तीन-चार साड्या पुन्हा नेसत्या करतो. गुळेदगुड्ड गावच्या खणाचा शिवलात तर फारच छान!

दुसरं, तुमचा आठवडा मांडा. ऑफिस, बाजार, लग्नकार्य, घर. माझ्या मते लग्नाचे कपडे आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त असतात आणि रोजचे कमी. शिवाय बेळगावचा पाऊस. जून ते सप्टेंबर जाड सुती कपडे लवकर वाळत नाहीत. त्या दिवसांसाठी पटकन वाळणारे, घोट्याच्या वर राहणारे काही आहे का, ते बघा. थंडीसाठी साडीवर शोभेल असं स्वेटर किंवा जॅकेटही.

जे उणं निघेल ते कागदावर लिहा, नेहमीच्या कपड्यांचे फोटो काढा आणि बजेट ठरवा. अर्धी यादी शिंप्याकडेच मिटेल. उरलेली घेऊनच स्टायलिस्टकडे किंवा खडेबाजारात जा.