आधी फोर बाय फोर, मग सनरूफ

प्रश्न : महिंद्राची थार रॉक्स घ्यायचीय. शेत गगनबावड्याकडं, पावसात वाट म्हणजे नुसता चिखल. पेट्रोलचं टॉप मॉडेल घेऊ का डिझेलचं मधलं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, डिझेलच. रॉक्सला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, फक्त डिझेलमध्येच मिळतं, पेट्रोल कितीबी टॉपचं घेतलं तरी ताकद मागच्याच दोन चाकांना, मग चिखलात अडकला की ट्रॅक्टर बोलवा. लो रेंज (फोर बाय फोरचा जास्त जोराचा, हळू चालीचा गिअर) टाकून पहिल्या गिअरात गाडी मुंगीच्या चालीनं उतार उतरते, ब्रेक फारसा लागतच नाही, आणि ओल्या लाल मातीत तेच खरं कामाचं. टॉप मॉडेलच्या मोठ्या सनरूफचे पैसे वाचवून ऑल टेरेन टायर (रस्ता, चिखल दोन्हीला चालणारे) घाला, साइज मात्र कंपनीचीच ठेवा. शोरूमवाले अॅक्सेसरी पॅकेज गळ्यात मारायला बघतील, ते सक्तीचं नसतंय, सरळ नको म्हणा.