हाकाटी ऐकूनही घरात बसलं तर दंड

प्रश्न : पोलीस खात्यात ३१ वर्षं काढून मी हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालो. आता वाचायला वेळ मिळतो. लंडनचं पोलीस दल १८२९ मध्ये उभं राहिलं असं वाचलं. मग त्याआधी, सरदार आणि किल्ल्यांच्या काळात, इंग्लंडमध्ये चोर पकडायचं कोण? आणि सापडेल त्याला फासावर चढवत, हातपाय तोडत, हे खरं का?
– एक निवृत्त हवालदार

उत्तर : हवालदारसाहेब, चोर पकडायचा शेजाऱ्यांनीच. ती नोकरी नव्हती, सक्ती होती. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत १२ वर्षांवरच्या सामान्य घरांतल्या मुलापुरुषांना दहा-दहा जणांच्या गटात नाव घालावं लागे. या गटाला टाइदिंग म्हणत. गटातल्या कुणी गुन्हा केला तर त्याला न्यायासनापुढे आणून उभं करणं हे उरलेल्यांचं काम. तो निसटला की दंड सगळ्यांनी भरायचा.

दुसरं साधन हाकाटीचं. चोरी होताना दिसली, मारामारीत कुणी पडला, वाटेत प्रेत सापडलं, तर पाहणाऱ्याने तिथल्या तिथे ओरड करायची. ती ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं काम टाकून, काठी, सुरी, धनुष्य जे मिळेल ते घेऊन धावायचं. पाठलाग शिवेवर पोचला की पुढच्या गावाने तो हाती घ्यायचा. धावलं नाही तर दंड, आणि विनाकारण ओरड केली तरी दंड.

इंग्लंडमधल्या बेडफर्डशर परगण्याच्या तेराव्या शतकातल्या कॉरोनरच्या नोंदवह्या मी भाषांतरातून वाचल्या. अपमृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी ११९४ पासून नेमला जाऊ लागला. प्रेत सर्वांत आधी कुणी पाहिलं, हे प्रत्येक नोंदीत येतं, आणि ते माणूस पुष्कळदा घरचंच असतं. पाण्यात बुडालेलं मूल आईला दिसतं. ती ओरडते, लोक जमतात, आणि मग ‘मी चौकशीला हजर राहीन’ म्हणून त्या आईलाच जामीनदार द्यावे लागतात. जवळच्या चार घरांनाही तेच. या ओळींपाशी मी दर वेळी थांबते. तुम्हीही असे पंचनामे केले असतील, म्हणून मुद्दाम सांगितलं. कॉरोनरला राजाचं उत्पन्नही बघायचं असे. गाडीखाली माणूस मेला तर गाडीघोड्याची किंमत ठरवून ती राजाकडे जमा व्हायची. हा नियम थेट १८४६ मध्ये रद्द झाला.

तुमच्या रात्रपाळीचं मूळही सापडतं. पहिल्या एडवर्ड राजाने १२८५ मध्ये विंचेस्टरचा कायदा केला. तटबंदीच्या शहरांची दारं सूर्यास्त ते सूर्योदय बंद. उन्हाळ्याच्या महिन्यांत शहराच्या प्रत्येक दाराशी सहा माणसं, मोठ्या गावात १२, आणि लहान गावात वस्तीप्रमाणे चार किंवा सहा, अशी रात्रभर गस्त. अनोळखी माणूस दिसला तर सकाळपर्यंत अडकवून ठेवायचा. बाजाराच्या गावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंना २०० फुटांपर्यंत चोर दबा धरून बसेल अशी झुडपं, खड्डे ठेवायचे नाहीत. मोठे ओक तेवढे राहू दिले. जमीनमालकाने सफाई टाळली आणि तिथे वाटमारी झाली, तर जबाबदार तोच.

कॉन्स्टेबलही होते बरं का. हा शब्द मूळ लॅटिन, अर्थ तबेल्याचा प्रमुख. गावचा कॉन्स्टेबल म्हणजे गावातलाच कुणी शेतकरी किंवा कारागीर, बिनपगारी. आपली शेती, आपला धंदा सांभाळून त्याने चोर धरायचा आणि ज्यांच्याशी उद्या व्यवहार करायचा त्यांचंच वैर पत्करायचं. मला त्या माणसाची फार कणव येते.

आता शिक्षा. हातपाय तोडणं खरं आहे, पण ते मुख्यतः सुरुवातीच्या काळातलं. दुसऱ्या हेन्रीच्या ११६६ च्या फर्मानात पाण्याच्या ‘दिव्य’ परीक्षेत, म्हणजे आरोपीला पाण्यात टाकून देवाचा कौल घ्यायच्या परीक्षेत, दोषी ठरलेल्याचा पाय तोडायचा होता. ११७६ मध्ये त्यात उजव्या हाताची भर पडली. १२१५ मध्ये चर्चने धर्मगुरूंना अशा दिव्य परीक्षांत भाग घ्यायला मनाई केली. त्यानंतर निकाल ज्यूरीकडे आला आणि गंभीर गुन्ह्याची शिक्षा म्हणजे फाशी, हे रुळलं. चोरीचा माल १२ पेन्सच्या वर गेला की फास.

पण ज्यूरीत बसणारे १२ जण त्याच मुलखातले. चोराचं घर, त्याची पोरं, त्याची वागणूक त्यांना ठाऊक. मग मालाची किंमत १२ पेन्सच्या आत बसवायची, किंवा सरळ ‘निर्दोष’ म्हणून सोडून द्यायचं. खटल्यापर्यंत पोचलेल्यांपैकी बहुतेक जण सुटत. कायदा निर्दय होता, यात शंका नाही. तो राबवणारी माणसं मात्र शेजारी होती, आणि त्या काळाबद्दल मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

याची दुसरी बाजू लपवत नाही. जिथे शेजारी घाबरलेले, तिथे सगळंच ढासळायचं. लेस्टरशरच्या फॉलव्हिल भावांनी १३२६ मध्ये रॉजर बेलर्स या राजाच्या अधिकाऱ्याला ठार केलं आणि १३३२ मध्ये रिचर्ड विलोबी या न्यायाधीशालाच पळवून १३०० मार्कांची (मार्क हे तेव्हाचं हिशेबाचं चलन) खंडणी घेतली. टोळीचा म्होरक्या युस्टेस याला माफी मिळाली, तो फासावर कधी गेलाच नाही.

पळणाऱ्याला एक वाट होती, चर्चचा आसरा. डरहॅमच्या कॅथीड्रलचं दार मी पाहिलंय. त्यावर काशाचा सिंहासारखा चेहरा, डोळ्यांच्या जागी खोल खोबणी, तोंडात जाडजूड कडी. दारावर आता प्रतिकृती आहे, मूळ वस्तू आत जपून ठेवलेली. पळून आलेल्याने ही कडी वाजवायची. आत घेतल्यावर त्याला काळा झगा देत, डाव्या खांद्यावर डरहॅमचे संत सेंट कथबर्ट यांचा पिवळा क्रूस. तिथे ३७ दिवसांचा आसरा मिळे, इतर चर्चमध्ये साधारण ४०. त्या मुदतीत खटल्याला उभं राहायचं, नाहीतर कॉरोनरपुढे गुन्हा कबूल करून देश सोडायची शपथ घ्यायची. मग हातात लाकडी क्रूस घेऊन, हमरस्ता न सोडता, नेमून दिलेल्या बंदराकडे चालत जायचं. रस्ता सोडला तर कुणीही मुंडकं उडवावं. बंदरात जहाज नसेल तर रोज गुडघ्यापर्यंत समुद्रात शिरून उभं राहायचं, म्हणजे जायची तयारी आहे हे लोकांना दिसावं.