गडांची यादी संपली नाही तरी चालेल

गड मोजायचा कंटाळा आला, वही अर्धीच राहिली म्हणतोस. राहू दे की! यादीने घराबाहेर काढलं, पाय तयार केले. तिचं काम झालं. आता तुझी नजर पाण्याच्या टाक्यांवर, कोरीव लेखांवर अडते, तर तिकडेच जा. शेवटच्या पानावर तारीख टाक, नवी वही घे. जुनी मात्र जपून ठेव, वाटांच्या नोंदी पुढे लागतात.

नाणेघाटात पुन्हा जा. गुहेतल्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत, ते शोध. बाजूने तिरपा टॉर्च मारलास की अक्षरं उठून दिसतात. खडू लावू नकोस (लावणारे भेटतात, डोकं फिरतं). ग्रुपवाले ‘यंदा किती झाले?’ विचारतील. त्यांना चहा पाज.