एआरएमवर फेल होणाऱ्या तीन टेस्ट स्किप करू नकोस

तुझा लॉग सकाळी ठाण्याहून येताना गाडीत वाचला, दुपारी शांतपणे पुन्हा वाचला. तुझा कंपायलर सी कोड काढून जीसीसी या सी कंपायलरकडे देतो. इंटेलच्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होतात, भाड्याच्या एआरएम (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर) लिनक्स सर्व्हरवर मात्र तीन फेल. सबमिशन जवळ आलंय, म्हणून त्या तीन एआरएमवर स्किप करू का, असं विचारलंस. नको करू. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि पहिली तर तुझ्याच कोडमधली चूक आहे.

पहिली टेस्ट लटकते आणि टाइमआउट होते. लेक्सरमध्ये, म्हणजे सोर्स वाचून त्याचे तुकडे पाडणाऱ्या भागात, 'गेटचार'ने दिलेली किंमत तू 'चार' व्हेरिएबलमध्ये ठेवतोस आणि मग ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) ताडून बघतोस. लिनक्सच्या सी लायब्ररीत ईओएफ म्हणजे उणे १. इंटेल लिनक्सवर साधा 'चार' साइन्ड असतो, म्हणजे उणे किंमतही धरतो, त्यामुळे तुलना जुळते. एआरएम लिनक्सवर तो अनसाइन्ड. उणे १ चे २५५ होतात आणि लूप फिरतच राहतो. सीच्या स्टँडर्डने दोन्हींना मुभा दिली आहे. अ‍ॅपलच्या एम-वन मॅकवर हे दिसलं नसतं, कारण प्रोसेसर एआरएम असूनही अ‍ॅपलने 'चार' साइन्ड ठेवला आहे. म्हणजे प्रश्न फक्त चिपचा नसतो, त्या प्लॅटफॉर्मच्या एबीआयचाही (कंपाइल झालेल्या कोडने पाळायच्या नियमांचाही) असतो.

आता नीट बघ: ही चूक इंटेलवरही आहेच. सोर्स फाइलमध्ये २५५ किमतीची बाइट आली, तर तुझा लेक्सर तिथेच फाइल संपली असं समजून गप्प थांबेल. एआरएमने फक्त ती उघडी पाडली. व्हेरिएबल 'इंट' कर. पडताळायचं असेल तर बदलाआधी इंटेलवरच '-एफअनसाइन्ड-चार' देऊन बिल्ड कर, तिथेही लटकेल.

दुसऱ्या टेस्टमध्ये दशांशाचा शेवटचा अंक वेगळा येतो. ६४-बिट एआरएमच्या मूळ सूचनासंचातच गुणाकार-बेरीज एका सूचनेत करणारा एफएमए आहे, आणि त्यात राउंडिंग दोनदा न होता एकदाच होतं. ऑप्टिमायझेशन चालू असलं की जीसीसी स्वतःहून तो वापरतो. साध्या एक्स-८६-६४ (इंटेल जातीच्या ६४-बिट) बिल्डमध्ये ती सूचनाच नसते. '-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ' देऊन चालव. उत्तर जुळलं तर कारण हेच. मग टेस्टमध्ये अक्षरशः तुलना न करता ठरावीक फरक चालवून घे.

तिसरी टेस्ट उणे १.० चं अनसाइन्ड इंटमध्ये रूपांतर करते. एक्स-८६-६४ वर रनटाइमला बहुधा ४२९४९६७२९५ येतं, एआरएमची सूचना ० देते. स्टँडर्डप्रमाणे हे अनडिफाइन्ड आहे, म्हणजे उत्तर काय यावं हे ठरवलेलंच नाही; दोघांपैकी कोणीही चुकलेलं नाही. तुझा कंपायलर ज्या भाषेचा आहे तिच्यात याचं उत्तर काय असावं हे तू ठरव आणि कंपायलरने तशी तपासणी घालावी. ठरवायचं नसेल तर ती ओळ काढून टाक.

मी इतकं बजावून सांगतोय, कारण अंधेरीतल्या एका जुन्या नोकरीत आम्ही नेमकं हेच केलं होतं. दोन थ्रेडची एक टेस्ट एआरएमवर अधूनमधून पडायची; 'फ्लेकी' म्हणून मी स्वतः ती स्किप केली. एक थ्रेड डेटा लिहून मग साध्या व्हेरिएबलचा झेंडा वर करत होता, आणि दुसरा तो झेंडा बघून डेटा वाचत होता. एक्स-८६ दोन राइटचा क्रम इतर कोअरना तसाच दाखवतो, एआरएम तशी हमी देत नाही. सहा महिन्यांनी ग्राहकाच्या मशीनवर अर्धवट डेटा गेला. दोन रात्री घरी गेलो नाही, आणि दुरुस्ती होती झेंडा अ‍ॅटॉमिक करून रिलीज-अक्वायर (डेटा आधी, झेंडा नंतर हा क्रम पक्का करणारी सोय) लावण्याची. अशी चूक इंटेलवर क्यूएमूत (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एआरएम चालवून सहसा सापडत नाही, कारण खालचं खरं हार्डवेअर एक्स-८६चंच असतं. तिला खरं मशीन लागतं. तुझा प्रोजेक्ट मुक्त परवान्याखाली असेल तर जीसीसी कंपाइल फार्मवर खातं माग. तिथे एआरएम, पॉवर, रिस्क-व्ही अशी मशीन फुकट वापरायला मिळतात.

बाइट-क्रमासाठी मात्र क्यूएमू पुरेसा आहे. सिम्बॉल टेबल साठवताना तू 'इंट' थेट फाइलमध्ये लिहितोस आणि अपेक्षित फाइलशी बाइट-बाइट जुळवतोस. आयबीएम मेनफ्रेमचा एस-३९०-एक्स बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येची मोठी बाइट आधी ठेवतो (इंटेल उलट ठेवतो), तिथे ती टेस्ट नक्की पडेल. रविवारी मेगाब्लॉकमुळे घरीच असशील तर आधी लेक्सर दुरुस्त कर, मग हे चालव आणि नवा लॉग मला पाठव.