तारांकन वाचतो तो शेल, आरएम नव्हे

दादरमधील आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या बिलांच्या फोल्डरमधून फक्त ‘.जुने’ असा शेवट असलेल्या फाइली काढायच्या असताना ‘आरएम *.जुने’ ऐवजी ‘आरएम * .जुने’ असे टाइप झाले आणि सगळीच बिले पुसली गेली. आरएम या फाइली पुसणाऱ्या कमांडला एवढेही कसे कळले नाही, आणि सिंगल व डबल कोट यांत फरक काय, असे आपण विचारले आहे. (कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टर्मिनलवर ती रोमन छोट्या अक्षरांत टाइप करावीत.)

आरएमला ते तारांकन (*) दिसलेच नव्हते. एंटर दाबल्यावर ओळ प्रथम शेलच्या, म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती पडते. तो मोकळ्या जागांवर तिचे तुकडे करतो, तारांकन असलेल्या तुकड्याच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे घालतो आणि मगच ती यादी कमांडकडे सोपवतो. आपल्या ओळीत तारांकन एकटे पडले, त्यामुळे टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली वगळता फोल्डरमधील सगळी नावे त्याला जुळली. युनिक्स या कार्यप्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे काम ग्लोब नावाचा स्वतंत्र प्रोग्राम करत असे, म्हणून या क्रियेला आजही ग्लोबिंग म्हणतात. काहीही पुसण्यापूर्वी तीच ओळ आरएमच्या जागी ‘इको’ (दिलेले शब्द पडद्यावर छापणारी कमांड) घालून एकदा चालवावी, असे मी आग्रहाने सांगेन. आरएमला जी यादी मिळणार असते, तीच तेव्हा पडद्यावर दिसते.

कोटांचे कामही शेलला आवरण्याचेच आहे. फाइलीचे नाव ‘मार्च बिल’ असेल आणि ते कोटाविना दिले, तर शेल ‘मार्च’ आणि ‘बिल’ अशा दोन फाइली समजतो. सिंगल कोटांत प्रत्येक चिन्ह जसेच्या तसे राहते. डबल कोटांत मोकळी जागा, तारांकन आणि प्रश्नचिन्ह निष्प्रभ होतात, पण डॉलर ($), बॅकटिक (`) आणि बॅकस्लॅश (\) यांचा विशेष अर्थ टिकून राहतो. इको "जमा $500" असे देऊन पाहावे: पडद्यावर ‘जमा 00’ उमटेल, कारण शेलने $5 म्हणजे पाचवा आर्ग्युमेंट (शेलला सुरू करताना दिलेला पाचवा शब्द) असे वाचले आणि तो रिकामा निघाला. इको 'जमा $500' दिल्यास रक्कम शाबूत राहते.

‘>’ या चिन्हाबाबत मात्र आपण विचारले नसले तरी सांगतो, कारण त्याने माझे स्वतःचे नुकसान केले आहे. लोअर परळच्या एका कार्यालयात मी सभासदांची यादी अकारविल्हे लावण्यासाठी ‘सॉर्ट यादी > यादी’ असे लिहिले आणि फाइल शून्य बाइटची झाली. शेल कमांड सुरू करण्याआधीच ‘>’ पुढील फाइल रिकामी करून ठेवतो; सॉर्टला वाचायला काही उरतच नाही. छापील नोंदवहीवरून ती यादी पुन्हा टाइप करण्यात माझे दोन दिवस गेले. सॉर्टला ‘-ओ’ हा पर्याय देऊन त्याच फाइलीचे नाव दिले तर हे टळते. शिवाय बॅश या प्रचलित शेलमध्ये ‘नोक्लॉबर’ ही सोय चालू ठेवल्यास ‘>’ आधीपासून असलेल्या फाइलीवर लिहिण्यास नकार देतो, आणि ‘>>’ मजकूर शेवटी जोडतो.

आपल्या बिलांविषयी: आरएम फाइली कचरापेटीत ठेवत नाही, म्हणून त्या डिस्कवर आता काहीही नवीन लिहू नये आणि प्रथम बॅकअप पाहावा. तो नसेल, तर बिले सभासदांना ईमेलने गेली असल्यास सचिवांच्या ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये त्यांच्या प्रती मिळतील.